चि. राणीस, गड्ड्याच्या जत्रेनंतर

सोलापूर

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

हुतात्मा एक्सप्रेस वेळेत पोचली, असं तुझ्या आईकडून कळलं. मला फोन केला नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शेंगाच्या पोळ्यांचा डबा ओट्यावरच राहिला. आक्काचा दीर बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्याजवळ देतो.

त्या रात्रीच्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. पण एकच विचारतो. तुमच्या लॅबमधले रात्रीचे रिपोर्ट अजून तसेच जातात का? डॉक्टर घरी झोपलेले, त्यांची सही कॉम्प्युटरमध्ये, आणि बटण दाबायचं तू?

"अप्पा, तुम्ही तर 27 वर्षं स्वतःच सही करत होता," असं तू म्हणालीस आणि मी ताटावरून उठलो. उठायला नको होतं. 1991 ला लॅब काढली तेव्हा डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि रिपोर्टखाली माझी सही. मायक्रोस्कोपखाली मोजणीच्या काचेच्या चारी कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, 50 ने गुणायचं, वहीत लिहायचं. मोजणारा मी, मग सही दुसऱ्याची कशी, असं वाटायचं. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. पुढच्या वर्षी पाटी उतरवली. शिडी तूच धरली होतीस. मला किती लागलं होतं ते तू पाहिलंयस.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. तुझ्या जन्माआधीची. एका प्रसूतिगृहात एकाच नावाच्या दोन बायका होत्या. दोघींचं रक्त घेतलं, नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या आणि चिठ्ठ्या लॅबमध्ये येऊन लावल्या. दुसऱ्या दिवशी एकीला रक्त चढवायची वेळ आली. ब्लड बँकेतल्या माणसाने ताज्या नमुन्यावर ग्रुप पुन्हा लावला. ए तपासायच्या निळ्या सीरममध्ये गुठळी नाही, बी तपासायच्या पिवळ्यातही नाही. बाई ओ ग्रुपची. माझ्या कागदावर बी, आणि खाली माझी सही. तो माणूस ओरडला नाही, मला बोलावून ती स्लाइड तेवढी दाखवली. अजून डोळ्यांसमोर आहे.

तिथे पॅथॉलॉजिस्ट असते तरी चिठ्ठी चुकलीय हे त्यांना कळलं नसतं, हे खरंय. पण दुसऱ्या कुणीतरी पुन्हा बघितलं म्हणून ती बाई वाचली. तुमच्या लॅबमध्ये रात्री दुसऱ्याने बघितल्याचं नुसतं चित्र छापलं जातं, राणी. मला झोप लागत नाही ती त्यामुळे.

नळीवर नाव पेशंटसमोरच घालत जा. त्याच्याच तोंडून नाव वदवून घे. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीतलं त्यात कधी ओतू नकोस, त्यातल्या रसायनाने पोटॅशियम उगाच वाढतं... हे मी कुणाला सांगतोय? माफ कर. संक्रांतीच्या जेवणात तूच सांगितलंस ना, रात्री तीनला पोटॅशियम 7.8 आलं, सीरम गुलाबी दिसलं, म्हणजे नळीत पेशी फुटलेल्या, रिपोर्ट अडवून वॉर्डातून पुन्हा रक्त मागवलंस आणि ते 4.2 निघालं. तेव्हा मी भाकरी मोडत गप्प बसलो होतो. सकाळी मात्र चौकात जाऊन दोघांना सांगून आलो. पाच-सहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून मायक्रोस्कोपला डोळा लावायचीस आणि ओरडायचीस, "अप्पा, आत कुणीतरी आहे!" तीच तू.

कौन्सिलची नोंदणी झाली त्या दिवशी तुझ्या आईने तो कागद देवापुढे ठेवला होता. 2021 चा कायदा आला आणि लॅबवाल्यांची नोंद देशपातळीवर व्हायची सोय झाली. माझ्या उमेदीच्या काळात आम्हाला कोण विचारत होतं? तो नोंदणीचा नंबर तुझ्या नावावर आहे. उद्या काही झालं तर सही डॉक्टरांची दिसेल, पण बटण कुणाच्या लॉगिनवरून दाबलं तेही निघेल. नोकरी सोड, असं मी त्या रात्री ओरडलो. आता तसं म्हणत नाही, खोलीचं भाडं मला माहीत आहे. डॉक्टरांशी एकदा बोल. रात्रीच्या रिपोर्टवर 'तात्पुरता' असं छापा म्हणावं, सकाळी त्यांनी बघून मग सही जाऊ दे. धोक्याचा आकडा आला तर रात्री उठवायचं त्यांना, त्यात लाजू नकोस. नाहीच म्हणाले तर मला सांग. आपण बघू.

परत त्याच विषयावर आलो बघ.

डब्यात शेंगाची चटणी वेगळी बांधलीय, ती तुझ्या मैत्रिणीला. आईचा गुडघा बरा आहे. रात्रपाळी संपली की फोन कर, मी सहापासून जागाच असतो.

तुझे अप्पा