‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कटू आठवणी मनातून पुसून टाकून नव्याने सुरुवात करण्याचा सल्ला देणारा लेख आला होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण ‘पुसून टाका’ हे दोन शब्द मी सहा वर्षं ऐकले आणि त्या सहा वर्षांत त्यांनी माझं नुकसानच केलं. म्हणून हे पत्र.

मी देवबागची. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं गाव. आमचं घर ख्रिस्ती, वडील रापणकर, म्हणजे काठावरून मोठं जाळं (रापण) ओढून मासे धरणारे. मी आता घरातच न्याहरी निवास चालवते. लहानपणी रापण ओढून झाली की वाट्याला आलेले चार बांगडे मी आणि माझा धाकटा भाऊ वेळेवरच, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतच, करवंट्यांच्या निखाऱ्यावर भाजून खायचो. मीठ लावलेलं असलं तर असलं. तो मला ‘बाय’ म्हणायचा.

मोठा झाल्यावर तो रत्नागिरीकडच्या एका नौकेवर खलाशी म्हणून लागला. २ नोव्हेंबर २००९ ला, मृतांच्या स्मरणदिनी, तो घरी आला होता. वडिलांच्या थडग्यावर आम्ही दोघांनी मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. ८ तारखेच्या रविवारी फोनवर आमचं भांडण झालं. कारण पैशाचं. आईच्या औषधांसाठी दोन महिने त्याने काही पाठवलं नव्हतं. तो म्हणाला, “बाय, होडी परत येवंदे, मगे धाडतंय.” मी रागाच्या भरात बोलून गेले, “तू आमका मेलंस.” आणि फोन ठेवला.

११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं. त्याची नौका परत आली नाही. तोही सापडला नाही.

त्यानंतर मी निखारा पेटवला नाही. पर्यटक मासे भाजून मागायचे, मी गॅसवर तळून द्यायचे. कुणाच्या अंगणात करवंट्या जळल्याचा वास आला तरी छातीत धडधड व्हायची, हातातलं भांडं खाली ठेवावं लागायचं. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे, पण मागच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच उठून यायचे. शेजारच्या बायका, नातेवाईक, चर्चमधले लोक, सगळे एकच सांगत होते. देवाची मर्जी. विसर आता. श्रद्धा असेल तर रडू नये. कुणी वाईट बुद्धीने बोललं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी कुणाला काय बोलले होते, हे त्यांना कुठे माहीत होतं? आणि मी ते सांगणार तरी कशी?

त्यात भावाचं थडगं नाही. दर २ नोव्हेंबरला सगळं गाव शिमितेरीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, जातं, थडगी झाडतात, फुलं घालतात. आम्ही वडिलांजवळ उभे राहायचो आणि आई हातातली जास्तीची मेणबत्ती तशीच घरी परत आणायची. किनाऱ्यावर अशी घरं किती तरी आहेत. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला कायदा मेलेला धरतो. ती सात वर्षं घरात रेशनकार्डावर नाव असतं आणि माणूस नसतो.

२०१६ च्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या भागात एक वयस्कर सिस्टर (नन) काही महिने राहायला आल्या होत्या. एका संध्याकाळी माझ्या पडवीत बसून त्यांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय वाचला. येशू मरणातून उठल्यानंतरची गोष्ट. सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे परततात. किनाऱ्यावरून कुणी तरी होडीच्या उजवीकडे जाळं टाकायला सांगतो आणि एकशे त्रेपन्न मासे लागतात. होडी काठापासून दोनशे हातांवर. हे अंतर, हे मोजून सांगणं, मला लगेच ओळखीचं वाटलं. रापणकराच्या घरात मासे असेच मोजतात. काठावर येऊन बघतात, तर कोळशाचा विस्तव पेटलेला आणि त्यावर मासळी.

सिस्टर तिथे थांबल्या. म्हणाल्या, “कोळशाच्या विस्तवासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो सगळ्या नव्या करारात दोनच वेळा येतो. एकदा इथे. आणि त्याआधी, येशूला पकडून नेलं त्या रात्री, प्रमुख याजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभा असताना त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही.”

मी काहीच बोलले नाही. माझे हात थंड पडले होते.

येशूला पेत्राला भेटायला दुसरी जागा नव्हती का? डोंगर होता, गाव होतं. पण त्याने तोच विस्तव पेटवला, तोच वास. आणि प्रश्न विचारायच्या आधी सगळ्यांना न्याहरी करायला बोलावलं. (माझा धंदाच न्याहरीचा, त्यामुळे हे माझ्या मनातून जात नाही. त्याने आधी खाऊ घातलं.) मग जितक्या वेळा पेत्राने नाकारलं होतं, तितक्याच वेळा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरी येशू थांबला नाही.

त्या संध्याकाळी, भावाला फोनवर बोललेलं ते वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. सिस्टरनी “जाऊ दे” म्हटलं नाही. “मग तो काय म्हणाला?” असं विचारलं. पुढच्या आठवड्यात परत सगळं सांगायला लावलं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. दर वेळी आम्ही दोघी आधी थोडा वेळ गप्प बसायचो आणि त्या म्हणायच्या, “येशू, तू तिथे होतास. तू इथेही अस.” एवढीच प्रार्थना. झोपेसाठी मला डॉक्टरांकडेही त्यांनीच पाठवलं. पवित्र आठवड्यात मी फादरांकडे पापनिवेदन केलं. ईस्टरच्या सकाळी माझ्या परसात करवंट्या पेटवल्या आणि दोन बांगडे भाजले. एक मी खाल्ला, एक आईने. खूप रडलो. पण भांडं खाली ठेवावं लागलं नाही.

सात वर्षं पूर्ण झाल्यावर आईने मृत्यूच्या दाखल्यासाठी वकिलांकडून कागद करून आणले. त्यावर माझी सही हवी होती. आधीची मी असते तर ते कागद फाडले असते, कारण त्याला एकदा मी मेलेला म्हटलं होतं, पुन्हा कसं म्हणू? मी सही केली. त्याच्यासाठी मिस्सा ठेवली आणि त्याचं पूर्ण नाव वेदीवरून वाचलं गेलं.

आपल्या लेखातला सल्ला मला का पटत नाही, ते आता कळेल. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं. पुढे त्याने आपल्या पहिल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, म्हणजे देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले. तरी तेच भाऊ समोर आले तेव्हा तो आडोशाला जाऊन रडला. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. ती भूक त्या विसरल्या असत्या, तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना त्यांनी आणलं असतं का? मला वाटत नाही.

माझ्याच समाजबांधवांनाही एक सांगायचं आहे. एका रात्रीत मनाची जखम बरी करतो असं सांगणाऱ्या प्रार्थनासभा होतात. माझ्या ओळखीच्या एका बाईला अशाच एका सभेत गोळ्या बंद करायला सांगितलं गेलं आणि ती फार वाईट अवस्थेत गेली. हे करू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्याकडे जा, बसा, वचन सांगायची घाई करू नका. त्याला बोलू द्या आणि तेच तेच बोलला तरी ऐका.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. असे लेख छापाल तेव्हा खाली मनाच्या आजारांसाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जरूर छापा. तो फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. आमच्या किनाऱ्यावर रात्रीच जास्त लागेल.

यंदा २ नोव्हेंबरला आई आली नाही, तिचे गुडघे दुखतात. वडिलांच्या थडग्यावर एक मेणबत्ती लावून मी दुसरी घेऊन वेळेवर गेले. वारा होता, म्हणून करवंटीत ठेवली. ती बराच वेळ राहिली.

आपली विश्वासू,
एक वाचक
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव छापू नये.)