बाबा, ती ठेव आत्ता मोडू नका

फोंडा

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, ठेव मोडतो, पण नातीला बेंगळुरूच्या त्या विद्यापीठातच घाला. काजूच्या बागेतून तुम्ही दोघांनी पै पै करून साठवलेले पैसे आहेत ते. म्हणूनच लिहिते, आत्ता मोडू नका.

तिला मानसिक आरोग्यात काम करायचंय. नुसत्या बी.ए.वर कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. पुढे दोन वर्षं एम.ए., आणि रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण घेऊन तिथं नोंदणी. समाजकार्याच्या बाजूनं गेली तरी तेच. मानसोपचार विभागातल्या समाजसेविकेला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. म्हणजे सात वर्षांचा खर्च धरायचा. पहिल्या तीनातच सगळं ओतलं, तर पुढे हात रिकामे.

त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक मी नीट वाचलं. पोहण्याचा तलाव आहे, एसी वर्ग आहेत. मुलं प्रत्यक्ष काम कुठं करतात, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं, याची एक ओळ नाही. फोन केला तर हॉस्टेलचे दर सांगितले.

इकडे पणजीत बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी करणाऱ्या एका मुलीनं मला तिची फील्डवर्कची वही दाखवली. एका म्हातारीच्या घरभेटीची पानभर नोंद होती. समासात बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘ती काय बोलली ते लिहिलंस. कुठं गप्प झाली, ते?’ आई, असं विचारणारं माणूस पोरीला मिळायला हवं. फी त्यासाठी भरायची.

घरबसल्या स्वस्तात करा, असं शेजारचे काका सांगतात. 2025च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरशिक्षणानं मानसशास्त्र शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगानं मनाईच केलीय. तेव्हा ती वाट बंद.

आणि गोव्यात काही नाही, हे बाबा मला पटत नाही. मडगावच्या चौगुले कॉलेजात मानसशास्त्र आहे, पणजीच्या डॉन बॉस्कोत बी.एस.डब्ल्यू. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यातली संस्था 1996पासून इथं काम करते. त्यांनी साध्या, स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं आणि आपल्याच आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना त्यांच्याकडून बरं वाटतं, हे दाखवून दिलं. 2017 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इतक्या जवळ एवढं काम चालू असताना पोरीला लांब कशाला धाडायचं?

‘वेड्यांच्या कामात पोर कशी राहील’ ही आईची काळजी मला कळते. पण आपल्या वाड्यावर किती घरांत दारू आहे, किती बायका रात्र रात्र झोपत नाहीत, हे आई, तुलाच जास्त ठाऊक. त्यांच्याजवळ बसून ऐकून घेणारी ही मुलगी आहे. लहानपणापासून तशीच आहे ती.

तर ठरवलंय ते असं. पदवी इथंच, कदंबा बसच्या पासवर. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या ‘टिस’मध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, प्रवेशाचा प्रयत्न करू दे, तिथं जमलं तर हॉस्टेलला पैसे लागतील, तेव्हा मी स्वतः तुमच्याकडे मागेन. तोवर ठेव पुन्हा नव्यानं ठेवा. बाबा, मुदत या महिन्यात संपतेय ना? बँकेत जाताना आईचं नावही ठेवीवर घालून घ्या.

तुमची,
ताई