आजारी पडण्याचा खर्च कोणाचा?

महोदय,

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून गोंधळ होऊन देशभर विमाने रद्द झाली, तेव्हा हे नियम मागणारा आणि प्रसंगी आजारपणाची रजा टाकणारा वैमानिक म्हणजे कामचुकार, असा सूर माझ्याही परिचितांत ऐकू आला. त्याच गोंधळात, वैमानिकाची रजा ही त्याची साप्ताहिक विश्रांती म्हणून धरू नये, ही अट नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ५ डिसेंबरला मागे घेतली. या निमित्ताने अमेरिकेतील एका जुन्या अपघाताची आठवण करून द्यावीशी वाटते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे विमान उतरण्यापूर्वी एका घरावर कोसळले आणि ५० जण दगावले. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलजवळ आई-वडिलांकडे राहत होती. मालवाहू विमानातून, मेम्फिसमार्गे, रात्रभर प्रवास करून ती त्याच सकाळी न्यूअर्कला पोहोचली होती. तिला सर्दी झाली होती. घरी असताना असे वाटले असते तर आलेच नसते, पण आता आजारी असल्याचे कळवले तर बरे वाटेपर्यंत स्वतःच्या पैशाने हॉटेलात राहावे लागेल, या अर्थाचे तिचे बोलणे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात आहे. फ्लोरिडात घर असलेल्या कॅप्टनने आदली रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती, आणि तेथे रात्री झोपण्यास कंपनीची मनाई होती. न्यूअर्कला नेमणूक असलेल्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच बाहेरगावाहून येत.

अपघाताचे मूळ कारण थकवा, असे तपास मंडळाने म्हटलेले नाही. विमानाचा वेग धोकादायकरीत्या घटल्याचा इशारा मिळताच नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने ते वर उचलले, हे मुख्य कारण होते. थकव्याने दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असावा, मात्र किती हे ठरवता येत नाही, असा तो सावध निष्कर्ष आहे. मला खटकते ते तिने मांडलेले हॉटेलच्या खर्चाचे गणित.

मी रेल्वेत गार्ड होतो. आमच्या काळी रेल्वे वसाहत स्टेशनाला लागून असे, कारण रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉल बॉयला येऊन दार वाजवता आले पाहिजे, आणि बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात, खाट मिळे. (तिथल्या डासांबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल.) आजारी असल्याचा सिक मेमो घेणाऱ्याकडे साहेब संशयाने पाहत हे खरे, पण त्यासाठी खिशातून खोलीचे भाडे भरावे लागत नसे.

या अपघातानंतर अमेरिकेत २०१४ पासून ड्यूटीपूर्वी किमान १० तासांची विश्रांती सक्तीची झाली, पण घर ते तळ (जिथे नेमणूक आहे तो विमानतळ) हा प्रवास वैमानिकाच्या स्वतःच्या जबाबदारीवरच राहिला. युरोपातही तो ९० मिनिटांहून लांबत असल्यास जवळ तात्पुरती राहण्याची सोय करण्याचा विचार वैमानिकानेच करावा, असा सल्ला आहे. भाडे कोणी भरायचे याबद्दल त्यात काही नाही.

आपल्याकडे महासंचालनालयाने निदान दोन गोष्टी कराव्यात: तळावर पोहोचल्यावर आजारी पडलेल्या वैमानिकाच्या राहण्याचा आणि परतीचा खर्च कंपनीवर टाकावा, आणि मागे घेतलेली ती अट पुन्हा लागू करावी. तापाने अंथरुणात काढलेले दोन दिवस विश्रांती म्हणून मोजले जाणार असतील, तर आजारी असल्याचे कोणी कशाला कळवील?

– एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ