जुन्या गोव्यातल्या सेंट कॅजेटन चर्चमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र चार लोकांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही पैसे मोजून एक गाइड घेतला होता. आईची नजर काचबिंदूने गेली आहे हे कळताच तो तिच्यासमोरच म्हणाला, "आजींना गाडीतच बसू दे, त्यांना काय दिसणार?" जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई ती. काही बोलली नाही, पदर सारखा केला फक्त. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि तुम्ही विचारलंत, "माई, हात देता?" तिचा तळहात उघडून त्यावर बोटाने अख्खं चर्च काढलंत. आधी लांबट चौकोन, म्हणजे बाहेरच्या भिंती. त्याच्या आत सारख्या बाह्यांचा क्रूस. मधोमध गोल, तो घुमट. भोवती चार ठिपके, घुमट पेलणारे खांब. पुढे दोन मनोरे. ती "हं" म्हणेपर्यंत तुमचं बोट पुढे सरकत नव्हतं. मग तिला घुमटाखालच्या विहिरीच्या ओट्याशी उभं करून म्हणालात, "आता तुम्ही त्या गोलात आहात." आईचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

गोवळकोंड्यात धर्मप्रसार करायला निघालेल्या थिएटाइन पंथाच्या इटालियन साधूंना तिथे थारा मिळाला नाही, म्हणून ते गोव्यात राहिले आणि मठाला लागून, रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर, त्यांनी हे चर्च बांधलं. १६६१ मध्ये ते पुरं झालं. एवढं तर तो गाइडही सांगू शकला असता. १८३५ मध्ये मठ बंद झाले, साधू गेले. तिकडे टेकडीवरचं ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचं एवढं मोठं चर्च कोसळलं, बुरूज तेवढा उरला. हे मात्र धडधाकट उभं आहे. नुसत्या जांभ्या-चुन्यावर इमारती टिकत नाहीत, काका. त्यांना जीव लावणारी माणसं लागतात, आणि अशी माणसं परक्या म्हातारीचा हातही तितक्याच जपून धरतात.

आईचा एक प्रश्न राहिलाय. वेदीवरचे ते सोनेरी पिळाचे खांब, त्यांचा पीळ उजवीकडे वळतो की डावीकडे? मी फोटो पाहून सांगते म्हटलं, तर म्हणाली, "नको, त्यांनाच विचारू."

पावसाळा सरला की येतो.

तुमची ऋणी,
माईंची मुलगी