तलवार आली, आता घोडाही दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरकर सेनासाहेब सुभा रघुजीराजे भोसल्यांच्या तलवारीवर आपल्या दैनिकात बरेच छापून आले. एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात राज्य सरकारने 47 लाखांवर रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोहोचली. मी नागपूरच्या महाल पेठेतला माणूस, आनंद झालाच. पण पाते, मूठ, सोन्याची अक्षरे यांवर रकानेच्या रकाने भरले असताना, ही तलवार ज्याच्या पाठीवरून मुलूखभर फिरली त्या घोड्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. माझी उभी हयात जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून माझी नजर आधी तिकडे जात असेल. तरीही सांगतो, ही तलवार पुढेमागे आपल्या अजब बंगल्यात (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात) मांडायची ठरली तर तिच्याशेजारी पूर्ण साजासह घोडा उभा करावा. एकटी तलवार काचेत टांगली तर बघणाऱ्याला भोसल्यांचे राज्य निम्मेच कळेल.

रघुजीराजांच्या फौजा 1740 साली कर्नाटकात उतरल्या. अर्काटचा नवाब दोस्त अली दमलचेरीच्या घाटात पडला आणि 1741 मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केले. त्यानंतर बंगालच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, त्या पार 1751 च्या तहापर्यंत चालल्या. त्या तहात ओरिसा मिळाला, शिवाय बंगालची सालीना 12 लाखांची चौथाई. नागपूरहून कटक आजच्या रस्त्याने आठशे किलोमीटरच्या वर आहे. मध्ये छत्तीसगडचे जंगल, नद्या आणि दगडधोंड्यांची वाट. माणूस पायी जातो, तोफ बैल ओढतात. पण या स्वाऱ्यांचा सगळा भरवसा घोड्यावर होता. आणि घोडा म्हणजे फार नाजूक पोटाचे जनावर. त्याला ओकारी काढता येत नाही. दमून घामाघूम झालेल्या घोड्यापुढे चंदीचे (दाण्याचे) टोपले रिकामे केले तर पोटशूळ उठतो, नाहीतर खूर धरतो (खुराच्या आत सूज येते). मग तो घोडा लढाई न बघताच संपला.

इतिहास लिहिणाऱ्यांनी या भागाकडे पाठ फिरवली असली तरी राज्य चालवणाऱ्यांनी फिरवली नव्हती. सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. 25 बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार, 10 जुमल्यांचा एक हजारी. हे शाळेत सगळे पाठ करतात. त्याच व्यवस्थेत दर 25 घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल मारणारा) नेमलेला आहे, तिकडे कोणी थांबत नाही. मी जरा थांबतो. घोडा दिवसाला सरासरी 30 लिटर पाणी पितो असे धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे 25 घोड्यांना रोजचे 750 लिटर. खूर सहा आठवड्यांत वाढतो, नाल काढून खूर तासून पुन्हा मारावी लागते. 25 घोड्यांचे 100 खूर. चारही खुरांना नाल आहे असे धरले तर नालबंदाला रोज दोन-तीन खूर हातावेगळे करावे लागणार, तेही तळ रोज हलत असताना. हा आकडा कोणी कचेरीत बसून ठरवलेला वाटत नाही. ज्याने घोडा लंगडताना पाहिला आहे त्यानेच तो ठरवला असणार.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले, राज्याभिषेकाच्या सुमाराचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, या अर्थाने त्याचा दाखला भाषणांत नेहमी देतात. पण सगळे पत्र वाचले तर ते बऱ्याच अंशी पागेच्या व्यवस्थापनावरच आहे. दाणावैरण आत्ताच मन मानेल तशी उडवलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि गवत गेले की घोडी वाचणार नाहीत. राज्याभिषेकाची धामधूम असलेला राजा उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो आहे! आमच्या खात्यात वैरणीच्या साठ्यावर निघालेली परिपत्रके मी वाचली आहेत, या पत्राच्या जवळपास जाईल असे एकही नाही.

बारगीर आणि शिलेदार हा फरकही प्रदर्शनात नीट मांडावा. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा, हत्यारही स्वतःचे. वरवर पाहता शिलेदार सरकारला स्वस्त पडतो. पण त्याचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच गेली, म्हणून ऐन गर्दीत तो घोडा आधी सांभाळतो. बारगीर बेधडक घुसतो, मात्र परक्याचा घोडा म्हणून निगेत हयगय करू शकतो. त्याच्यावर हवालदार, कारकून आणि हजेरी हवीच. इंग्रजांनी हीच शिलेदारी पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली. सवार ठरावीक रक्कम भरून घोडा आणि साज घेई. पहिल्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर घोडे पुरवायची वेळ आली तेव्हा ती कोलमडली आणि 1921 च्या फेररचनेत बंद झाली. दोनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेला नडलेले दुखणे तेच होते.

आता साजाबद्दल. महालातल्या एका जुन्या वाड्यात, माळ्यावर, मला एकदा खोगीर पाहायला मिळाले. मालकाला ते जुनी गादी वाटत होते. उलटे करून पाहिले तर दोन बाजूंना दाबून भरलेली भरणी आणि मधोमध, कण्याच्या वर, चार बोटांची मोकळी फट. सगळी विद्या त्या फटीत आहे. स्वाराचे वजन बरगड्यांवरच्या मांसावर पडले पाहिजे, कण्याच्या हाडावर नाही. भरणी दबून फट मिटली की दोन मजलांत घोड्याची पाठ लागते (सोलून जखम होते), आणि पाठ लागलेला घोडा महिनाभर कामाचा नाही. त्या खोगिराची एक बाजू दुसऱ्या धाग्याने पुन्हा शिवलेली होती, टाका जाड पण एकसारखा. तंगाचे (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचे) कडे गंजले होते, दुमचीचा (शेपटीखालचा) पट्टा उंदरांनी खाल्लेला. मालकाने ते पुढे काय केले ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

खोगीर, तंग, दुमची, रिकीब (पाय टेकायची कडी), कडियाळ्याची लगाम, जेरबंद, मोहरकी, अगाडी-पिछाडी, तोबरा, खरारा. यांतल्या किती वस्तू आज नागपूरच्या पोराला ओळखता येतील? जुनी देशी कडियाळी (घोड्याच्या तोंडातले लगामाचे लोखंड) काटेरी असत. हात जड असेल तर घोड्याचे तोंड फाडतील अशी; पण हलक्या हातात घोडा जागच्या जागी गर्रकन वळे. फौजेतल्या घोड्याला दुडकीपेक्षा रहवाल (हिसके न बसणारी) चाल शिकवण्यावर भर असे, कारण दिवसभर दुडकीवर बसलेला माणूस संध्याकाळी तलवार उचलायच्या लायकीचा राहत नाही. चाबूकस्वारांचे (घोडे शिकवणाऱ्यांचे) हे ज्ञान कागदावर फार कमी उतरले.

तलवारीचेच बोलायचे तर रघुजीराजांच्या तलवारीचे पाते युरोपीय घडणीचे, एकधारी आहे. म्हणून तर तिच्यावरच तिला फिरंग म्हटले आहे. यावर काही मंडळी नाराज दिसली. नाराज होण्यासारखे काय आहे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नोलान नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की निजामाच्या स्वारांच्या हातात इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी पाती होती आणि त्यांचे घाव भयंकर बसत. कारण काढले तर साधे निघाले. इंग्रजी तलवार लोखंडी म्यानात आपटून बोथट होई. इकडचे स्वार तेच पाते वस्तऱ्यासारखे लावत आणि लाकडी म्यानात ठेवत. पाते कुठून आले यापेक्षा ते कोण कसे सांभाळतो याला महत्त्व.

नागपूरने या विषयाची दुखरी बाजूही झाकू नये. बंगालमध्ये आपल्या बारगिरांची आठवण लुटारू म्हणून आहे आणि ती उगाच नाही. तिकडे गावेच्या गावे उठली होती. रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना 1744 मध्ये बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने मारले, हेही तितकेच खरे. प्रदर्शनाच्या पाटीवर दोन्ही लिहावे.

सीताबर्डीच्या लढाईचेही तसेच. 27 नोव्हेंबर 1817 च्या सकाळी लहान टेकडी अरबांनी जिंकली होती, इंग्रजांकडे सगळी मिळून चौदाशेच्या आसपास माणसे होती आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्यांच्या कैक पट. अशा वेळी कॅप्टन फिट्झगेराल्डने सहाव्या बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन नाला ओलांडला आणि थेट भोसल्यांच्या घोडदळावर हल्ला चढवला. वरिष्ठाने आधी त्याला मनाई केली होती, शेवटी तुझ्या जबाबदारीवर कर म्हणून सांगितले होते. त्याने तोफा घेतल्या आणि उलट्या फिरवल्या. इंग्रजी पुस्तके हे त्याच्या शौर्यावर घालतात. माझ्या मते आपल्या स्वारांना ती जागाच चुकीची होती. चपळ घोडदळाला मागेपुढे मोकळे रान लागते. टेकड्यांच्या पायथ्याशी, नाल्याकाठी दाटीने उभे केले की त्याचा एकच गुण निघून जातो. शिवाय त्या तीन तुकड्यांतले स्वार बहुतेक उत्तर हिंदुस्थानीच होते, हे विसरू नये. आज आपण त्याच परिसरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभे असतो.

पोलीस लाइन टाकळीच्या रहिवाशांना तर आपण कुठे राहतो याची बहुधा कल्पनाच नसेल. टाकळीला तेव्हा नागपूरच्या बेकायदी रिसाल्याची (अनियमित घोडदळाला तेव्हा असेच म्हणत) छावणी होती. 13 जून 1857 च्या रात्री या रिसाल्याने उठाव करायचा बेत केला होता. पायदळाला उठवायला पाठवलेला दफेदार पकडला गेला आणि बेत फुटला. त्यांच्या म्होरक्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिले. टाकळीत याची साधी पाटी तरी लावा.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत वरातीचे भाड्याचे उंच पांढरे घोडे आणून, तापलेल्या डांबरावर, डीजेच्या भिंतीपुढे नाचवले जातात. तो मराठ्यांचा घोडा नव्हे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू खांद्याशी जेमतेम साडेचार फुटांचे, रंगरूपाला सामान्य, पण निकस चाऱ्यावर तग धरणारे आणि डोंगर चढणारे. या जातीला स्वतंत्र देशी वाण म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली ती अगदी अलीकडे. तान्ह्या पोळ्याला आपण लाकडी बैल सजवतो, त्याची परंपरा भोसलेकाळाशी जोडतो. घोड्याच्या वाट्याला आपल्या गावात तेवढेही आलेले नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. प्रदर्शनातला घोडा भीमथडीच्या मापाचा असावा. पुतळ्यात असतो तसा विलायती उंचीचा नको. माप काढून द्यायला आपल्याच शहरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. साजाची प्रत्येक वस्तू अंगावर योग्य जागी चढवलेली असावी, भिंतीवर खिळ्याला टांगून बाकीची खोगीरभरती नको. भोसलेकालीन मोडी कागदांत पागेचे हिशेब, चंदीचे दर, नालबंदाचा मुशाहिरा (पगार) असे जे सापडेल ते वाचून शेजारी लावावे.

आणि महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी भागातल्या वाडेकऱ्यांना एक विनंती. माळा साफ करताना चामड्याचे, लोखंडाचे काही निघाले तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक फोटो काढून संग्रहालयात दाखवा. रिकिबी चिंचेने घासून लखलखीत करू नका, वरचा थर गेला की नक्षीही जाते. वाळलेल्या चामड्याला गोडेतेल चोपडू नका, उंदीर आणि बुरशी दोन्ही लागतात. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि घडी मात्र घालू नका.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य,
महाल, नागपूर