आई, बाबा, व्हिएन्नाचं मी तुम्हाला न विचारता ठरवलं

आई, बाबा,

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" एवढंच विचारून फोन ठेवला, म्हणून आता लिहितेय. चष्मे लावून दोघांनी शेजारी बसून वाचा. आई, तू एकटीने आधी वाचू नकोस, अर्ध्यावर डोळे भरतील आणि पुढचं राहून जाईल.

मी व्हिएन्नाला जातेय. ट्रेनिंगला नाही, पोस्टिंगवर, तीन वर्षांसाठी. तिथल्या आपल्या दूतावासात न्यूक्लियर सिक्युरिटीची सल्लागार म्हणून. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय, आणि होकार मी जानेवारीतच दिलाय. म्हणजे संक्रांतीला मी घरी आले होते, आई तू वड्या थापत होतीस आणि मी शेजारी बसून वेलची सोलत होते, तेव्हा सही करून चार दिवस झाले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, ते भिंतीला धरून ओटीपर्यंत येत होते, आणि त्यांना तसं बघून माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. याबद्दल जे काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

नाही म्हणता आलं असतं, खोटं कशाला सांगू. याआधी दोनदा म्हटलंय, एकदा चिनू लहान होती म्हणून आणि एकदा आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण तिसऱ्यांदा कोणी विचारेल असं वाटत नाही, वयही पंचेचाळिशी ओलांडून गेलं. पैशासाठी जात नाहीये. चिनूच्या शाळेसाठीही नाही, जरी तिचा फायदा होईल. मायापुरी आठवतं ना बाबा, २०१० सालचं? दिल्लीच्या भंगार बाजारात ते किरणोत्सारी कोबाल्टचं जुनं यंत्र लिलावातून आलं, कामगारांनी ते काय आहे हे न कळता फोडलं, हात भाजले, एकाचा जीव गेला. तुम्ही त्या दिवशी पेपर दुमडून ठेवला आणि म्हणालात, कोणीतरी नुसती नोंद तपासली असती तर. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. मी त्यानंतर या बाजूला वळले ते त्या वाक्यामुळे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आई, तुझ्यासाठी सांगते, कारण शेजारच्या काकू विचारतील आणि तू काळजी करत बसशील. बॉम्बशी माझा काही संबंध नाही. मराठीत दोन्हीला सुरक्षाच म्हणतात म्हणून घोळ होतो. बाबांनी तारापूरला आयुष्यभर केली ती सेफ्टी, म्हणजे किरणांपासून माणसांना जपायचं. माझी सिक्युरिटी, म्हणजे माणसांपासून तो किरणं सोडणारा माल जपायचा, चोरीला जाऊ नये, भंगारात जाऊ नये, चुकीच्या हातात पडू नये. आणि तेही कुठे गेटवर उभं राहून नाही, टेबलावर बसून. मसुदे वाचायचे, आपल्याला काय जमेल काय नाही ते राजदूतांना सांगायचं, मुंबईला अणुऊर्जा खात्याला कळवायचं. १९८० चा एक करार आहे अणुसामग्रीच्या संरक्षणाचा, तो मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालापुरता होता, देशातल्या देशात साठवलेला माल आणि प्लांट त्यात आणायची दुरुस्ती २००५ ला झाली आणि लागू व्हायला २०१६ चा मे महिना उजाडला. अकरा वर्षं, आई! तुला वाटतं मी घाईची आहे, पण या कामात नुसता धीर लागतो, आणि तो मी तुझ्याकडूनच घेतलाय.

आता ते विमानाचं. बाबांनी काही म्हटलं नाही तरी त्यांच्या मनात येणार, मला माहितीये. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं कांचनजंगा विमान माँ ब्लाँ डोंगरावर आपटलं. होमी भाभा त्यात होते, व्हिएन्नालाच निघाले होते, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीच्या बैठकीला, जिच्याशी आता माझं काम असणार. बाबा, तुम्ही ती बातमी रेडिओवर ऐकल्याचं इतक्यांदा सांगितलंय की मलाच आठवते असं वाटतं. त्याला साठएक वर्षं झाली. आम्ही पोचल्यावर लगेच फोन करू, तुमच्याकडे कितीही वाजले असले तरी, मग झोपा.

राहण्याचं सगळं चांगलं आहे. दूतावास गावाच्या अगदी मध्यात आहे, ऑपेराच्या शेजारी, आणि तिथूनच मेट्रो पकडली की डॅन्यूब ओलांडून पंधराएक मिनिटांत एजन्सीच्या दारात, म्हणजे गोवंडीहून सीएसटी गाठण्यापेक्षा सोपं. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून, उकळायची गरज नाही. तूरडाळ, तांदूळ, हिंग सगळं मिळतं. रविवारी दुकानं बंद असतात एवढंच, पण तू मला शनिवारी भाजी आणून ठेवायची सवय लावलीच आहेस. थंडीचे कपडे तिकडेच घेणार, त्यामुळे आई स्वेटर विणायला बसू नकोस, मनगट दुखतं तुझं. मसाला मात्र दे. दोन किलो दे.

आणि तुम्ही दोघं पुढच्या मे महिन्यात यायचंच आहे, तीन महिन्यांसाठी, व्हिसाचे कागद मी करते. बाबा, तिथे जवळच झ्वेंटेनडॉर्फ म्हणून जागा आहे, नदीकाठी. अख्खा रिॲक्टर बांधून तयार, बॉयलिंग वॉटरच, म्हणजे आतच पाणी उकळून वाफ करणारा, तुमच्या तारापूरच्या एक-दोन नंबर युनिटसारखा, आणि १९७८ ला लोकांनी मतदान करून तो सुरूच होऊ दिला नाही, साडेपन्नास टक्के विरोधात. आजही तसाच उभा आहे, लोकांना आत नेऊन दाखवतात. तुम्ही जिथे किरणं मोजणारा बॅज लावून मोजून मिनिटं काढायचात, तसल्या जागी तुम्ही नुसते शर्टावर उभे राहाल, किरणांचा डोस शून्य. मला तुम्हाला तिथे उभं असलेलं बघायचंय. तुम्ही हात लावून लावून सगळं चिनूला समजावून सांगाल आणि गाईड बाजूला उभा राहील.

कॉलनीतलं घर आठवतं का हो? पायऱ्यांवर तुमची चप्पल वाजली की मी दारात आडवी उभी राहायचे, हात पाय चेक केले का, म्हणून. तुम्ही दोन्ही तळवे पुढे करायचात आणि म्हणायचात, "क्लिअर." मगच मी कडेवर यायचे. तुमच्या शर्टाला साबणाचा आणि कसल्यातरी रंगाचा वास यायचा. आई आतून ओरडायची, आधी त्यांना चहा घेऊ दे. आज मी चिनूची आई आहे, चार लोक मला मॅडम म्हणतात, पण हे लिहिताना मला दारातच उभं राहावंसं वाटतंय.

बरं, आता ऐका आणि वाद घालू नका.

बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना दांडे बसवायला माणूस येणार आहे, त्याला परत पाठवायचं नाही. बाबा, रात्री उठलात तर आईला उठवायचं, तिची झोप मोडते वगैरे कारणं चालणार नाहीत, गेल्या वेळी तीच दया महागात पडली. सीएचएसएसची, म्हणजे दवाखान्याच्या योजनेची कार्डं आणि फाइल कपाटात कुलपात नको, बाहेरच्या टेबलावर. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला दादा येऊन मोबाईलवर करून देईल. तो आता दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून येणार आहे, त्याने स्वतःहून सांगितलं, मी भांडले नाही. घराची एक किल्ली काकूंकडे. आई, तुझी साखर जेवणाआधी आणि नंतर दोन्ही वेळा, वहीत लिहायची, आणि आकडा वाढला तर तो मला सांगायचा, लपवायचा नाही. चिकूच्या झाडावर बाबांनी चढायचं नाही. शिडीवरसुद्धा नाही.

रोज तुमच्या रात्री नऊला व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा माझ्याकडे ऑफिस सुटायची वेळ असेल. आणि तशीच काही वेळ आली तर मी एका दिवसात घरी पोचते, याबद्दल मी आधीच साहेबांशी बोलून ठेवलंय. सही करायच्या आधी. तुम्हाला सांगायच्या आधी तेवढं एकच काम मी केलं होतं.

रागावला असलात तर फोनवर गप्प बसू नका, बोला. शनिवारी येतेच आहे, अंधेरीहून सकाळची डहाणू लोकल पकडते, वाणगावला उतरून रिक्षा करीन. बाबा, स्टेशनवर घ्यायला यायचं नाही.

तुमची,
ताई