कॅराव्हॅन भरण्याआधी आरसी बुक वाचा

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात किंवा नाशिककडे निघणारी कुटुंबे मुंबईत आता बरीच दिसतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या गाड्यांविषयी जे छापून येते ते बहुतेक पलंग, पडदे आणि फ्रिज यांच्याबद्दल. गाडीत किती किलो चढवायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. मग सोसायटीच्या आवारात गाडी लागली की लिफ्टमधून खाली येईल ते सगळे आत जाते, कारण कप्पे रिकामे दिसतात.

आरसी बुकात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन. त्यांतला फरक हाच तुमचा वाटा. समजा तो ५५० किलो आहे. चालक धरून सहा माणसे, सरासरी ६५ किलोची, म्हणजे ३९० किलो गेले. चालकाचे वजन रिकाम्या गाडीत धरलेले नसते. एक लिटर पाण्याचे एक किलो, म्हणजे ८० लिटरची टाकी भरली की आणखी ८०. उरले ८० किलो. त्यातच गॅस सिलिंडर, शिधा, भांडी, अंथरुणे आणि सगळ्यांच्या बॅगा. माणशी जेमतेम तेरा किलो. शिवाय पलंग, टाकी, छतावरचा एसी नोंदणीनंतर बसवला असेल, तर आरसीवरचे रिकाम्या गाडीचे वजन आता खरे राहिलेले नसते. पनवेलच्या बाजूने जाणारच असाल तर कळंबोलीला लोखंड बाजाराच्या परिसरात वजनकाटे आहेत. भरलेली गाडी पूर्ण तोलून घ्या, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून पुन्हा तोला.

मागची चाके वेगळी तोलण्याला कारण आहे. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या चाकांपासून दीड मीटर मागे ५० किलोचा बोजा बांधला, तर मागच्या चाकांवर ७५ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते आणि पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, पण कसारा घाट उतरताना जाणवते. म्हणून जड सामान जमिनीलगत, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, डावी-उजवीकडे सारखे वाटून ठेवावे. वरच्या कप्प्यांत कपडे, चिवडा, टिश्यूचे रोल, एवढेच. काचेच्या बरण्या आणि विळी घरीच राहू द्या. विळीऐवजी सुरी आणि भाजी कापायचा पाट पुरतो. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, आणि भांड्यांच्या मध्ये नॅपकिन घातले की खडखडाटही होत नाही. डाळ-तांदूळ, भाजणी, मेतकूट एकेक किलोच्या पिशव्यांत भरावे. कडक ट्रॉली बॅगा टाळा. रिकामी झालेली बॅग घडी करता येत नाही आणि ती रात्री पलंगावर तुमची जागा अडवते.

पाण्याची टाकी मुंबईतूनच काठोकाठ भरून घाट चढण्यात अर्थ नाही. वापरायला तीसेक लिटर आणि पिण्याचे वीस लिटरचे वेगळे कॅन घ्या, बाकीचे मुक्कामाजवळ भरा. आंघोळ बादलीने करा. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की टाकी जवळपास रिकामी, आणि सांडपाण्याची टाकी तेवढ्याच वेगाने भरलेली. ती घाटात किंवा किनाऱ्यावर सोडणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.

इंडक्शन शेगडीवर विसंबणाऱ्यांसाठी एक हिशेब. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरची घट धरून, १८० अँपिअरच्या आसपास ओढते. १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच, म्हणजे ७५ अँपिअर-तास, वीज वापरणे शहाणपणाचे. शेगडी अर्ध्या तासात ९० खाते, म्हणजे तेवढ्या स्वयंपाकात रात्रीचे पंखे-दिवे गेले. त्यापेक्षा पाच किलोचा सिलिंडर बरा, पण उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी असते. नेमकी तिच्यावरच चपलांची पिशवी ठेवलेली अनेकदा आढळते. जोड साबणाच्या फेसाने तपासा. पावडरचा दोन किलोचा अग्निशामक दाराजवळ हवा, पलंगाखाली नको.

मुक्कामी वीज घ्यायला २.५ चौरस मिमी तांब्याची, मोठ्या पिनची, पंधरा-वीस मीटर केबल मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळते. वापरताना ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या केबलवर एसी चालवला की ती तापते आणि वेष्टन वितळते. जॅक आणि पाना सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे पंक्चर झाल्यावर निम्मे सामान रस्त्यावर काढावे लागणार नाही.

परतीचाही हिशेब ठेवा. पाच डझन हापूसची पेटी पंधरा किलोच्या वर जाते. अशा चार घेतल्या तर त्याआधी तेवढे पाणी टाकीतून सोडून द्या.

गाड्या भाड्याने देणाऱ्यांकडे दोन मागण्या आहेत. सर्व सामग्री बसवल्यानंतरच्या गाडीची वजनकाट्याची पावती भाडेकराराला जोडावी. आणि माणसे, पाणी व सामान मिळून किती किलो चालतील हा आकडा, पुढच्या-मागच्या टायरच्या हवेच्या दाबासह, दाराच्या आतल्या बाजूला मराठीत रंगवावा. परिवहन विभागाने तो सक्तीचा केला तर उत्तमच.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)